नकाशांतली विहीर

उतारवयांत नातीचें शिष्यत्व पत्करणें आम्हांस जड गेलें, हें वाचकांपासून कां लपवावें? तिनें संगणकावर ‘क्यूजीआयएस’ हें विनामूल्य साधन बसवून दिलें. कोंकणांतील आमच्या गांवचा जुना नकाशा आम्हीं त्यांत घातला, चारी कोपऱ्यांचे अक्षांश-रेखांश भरले, वर उपग्रहचित्राचा थर चढविला. पाहतों तों वाडवडिलांची विहीर नदीच्या पात्रांत! नकाशाच चुकीचा, असा निकाल आम्हीं तात्काळ दिला. पस्तीस वर्षें भूगोल शिकविल्याचा ताठा, दुसरें काय?

नात हंसून म्हणाली, “आजोबा, अंक बरोबर भरलेत, पण ते कोणत्या पृथ्वीचे, तें सांगितलें नाहींत.”

जुने नकाशे एव्हरेस्टसाहेबांनीं १८३० त मांडलेल्या पृथ्वीच्या आकारावर बसविलेले. ‘डब्ल्यूजीएस ८४’ या हल्लींच्या मानाहून त्याची त्रिज्या आठशेंवर मीटरांनीं कमी, आणि मध्यही निराळा. त्यामुळें तेच अंक आपल्याकडे शंभराहून अधिक मीटर दूरची जागा दाखवितात. यादींतून ‘कल्याणपूर १९७५’ निवडतांच विहीर जागेवर आली.

सेवेच्या अखेरच्या वर्षीं एका विद्यार्थ्यानें भ्रमणध्वनीवरील अक्षांश आमच्या नकाशाशीं चार विकलांनीं जुळत नाहींत, असें दाखविलें होतें. “यंत्र बिघडलें आहे,” म्हणून आम्हीं त्यास खालीं बसविलें.