दोन पुलांमधील दीड मीटर

२६ फेब्रुवारी २०२४ रोजी अंधेरीच्या गोपाळ कृष्ण गोखले पुलाची एक बाजू वाहतुकीसाठी खुली झाली आणि मुंबईकरांना एक विलक्षण दृश्य पाहावयास मिळाले. नव्या पुलाला पश्चिमेकडील बर्फीवाला उड्डाणपूल पूर्वी येऊन मिळत असे. आता नवा पूल वर आणि जुना उड्डाणपूल खाली, मध्ये सुमारे दीड ते दोन मीटरांचे अंतर! वर्तमानपत्रांनी छायाचित्रे छापली, विनोद झाले, विरोधकांनी टीका केली. पुढे तज्ज्ञ संस्थांचा सल्ला घेऊन जुना उड्डाणपूल यंत्रांच्या साहाय्याने उचलण्यात आला आणि जुलै २०२४ मध्ये सांधा जुळला. प्रश्न सुटला असे समजून सर्वांनी तो विषय मिटविला. माझ्या मते तो विषय तेथून सुरू व्हावयास हवा होता.

या पुलाची हकीकत थोडक्यात सांगणे आवश्यक आहे. ३ जुलै २०१८ रोजी पावसात त्याच्या पदपथाचा भाग रेल्वेमार्गावर कोसळला. त्यात दोघांचे प्राण गेले. दुर्घटनेनंतर पहिला वाद झाला तो दुरुस्तीचा नव्हे, तर पुलाच्या देखभालीची जबाबदारी रेल्वेची की महापालिकेची, याचा. नोव्हेंबर २०२२ मध्ये पूल धोकादायक म्हणून पूर्णपणे बंद झाला. पंधरा महिन्यांहून अधिक काळाने एक बाजू खुली झाली आणि दुसरी बाजू मे २०२५ मध्ये. म्हणजे दुर्घटनेपासून मोजल्यास जवळजवळ सात वर्षे.

उंचीतील तफावतीबद्दल खुलासाही झाला. रेल्वेमार्गावरील पुलांची किमान उंची वाढविण्याचा नियम रेल्वेने केला होता, म्हणून नवा पूल उंच बांधावा लागला. हा खुलासा खोटा नाही. रेल्वेने आपल्या नियमाचे पालन केले, महापालिकेने रेल्वेच्या अटीचे पालन केले, कंत्राटदाराने दिलेल्या नकाशाचे पालन केले. प्रत्येकजण आपापल्या जागी निर्दोष आहे आणि तरीही दोन रस्ते एकमेकांना भेटत नाहीत! आपल्या नगरव्यवस्थेचे याहून नेमके चित्र एखाद्या व्यंगचित्रकारालाही काढता आले नसते.

अपवादात्मक घटना म्हणून तिची बोळवण करता आली असती तर बरे झाले असते. पण लोअर परळचा डिलाईल रोडवरील पूल जुलै २०१८ मध्ये बंद झाला, तो पूर्णपणे खुला होण्यास नोव्हेंबर २०२३ उजाडले. रुळांवरील भाग रेल्वेने बांधावयाचा आणि दोन्ही बाजूंचे पोहोचरस्ते महापालिकेने, अशी ती विभागणी होती. कर्नाक पूल ऑगस्ट २०२२ मध्ये बंद झाला, शीवचा पूल ऑगस्ट २०२४ मध्ये आणि प्रभादेवीचा एल्फिन्स्टन पूल सप्टेंबर २०२५ मध्ये. रेल्वेमार्गांनी उभ्या चिरलेल्या या शहरात पूर्वेकडून पश्चिमेस जाण्याचे मार्ग मुळातच मोजके आहेत. ते कोणत्या क्रमाने बंद करावयाचे, एकाचा भार दुसऱ्याने किती वाहावयाचा, याचे एकत्रित वेळापत्रक नागरिकांपुढे कोणी ठेवले? जुने पूल बदलणे अटळच होते. पण ते जुने होत आहेत हे काही अचानक कळलेले नव्हते.

याचे कारण विचारले, तर सर्वसामान्य माणूस दोन शब्द उच्चारतो : नालायकी आणि भ्रष्टाचार. दोन्ही नाहीत असे मी म्हणणार नाही. परंतु आयुष्यभर अर्थशास्त्र शिकविलेल्या माणसाला एवढ्याने समाधान मानता येत नाही. जी चूक दर वर्षी, दर खात्यात, दर राजवटीत घडते, ती चूक राहत नाही, ती व्यवस्था होते. आणि व्यवस्था टिकून राहते, कारण तिचा खर्च जो करतो त्याला तो सोसावा लागत नाही.

एक ढोबळ हिशेब मांडून पाहू. उदाहरणादाखल धरा, की एक पूल बंद राहिल्याने रोज एक लाख माणसांचा अर्धा अर्धा तास वाया जातो. म्हणजे रोजचे पन्नास हजार तास. आठ तासांचा एक दिवस धरल्यास रोजचे ६,२५० श्रमदिवस. कामाचे चारशे दिवस पूल बंद राहिला, तर पंचवीस लाख श्रमदिवस. हा आकडा कोणत्या अंदाजपत्रकात दिसतो? महापालिकेच्या नाही, रेल्वेच्या नाही, कंत्राटदाराच्या देयकात तर नाहीच. तो लिहिलेला असतो घरकाम करणाऱ्या बाईच्या कापलेल्या पगारात, कारखान्याच्या दारात उशिरा पोहोचलेल्या कामगाराच्या खाड्यात, रिक्षाचालकाच्या रिकाम्या फेरीत. आमच्या शास्त्रात याला बाह्य खर्च म्हणतात. मराठीत त्याचा सरळ अर्थ असा, की एकाने करावयाचे आणि दुसऱ्याने भरावयाचे.

समन्वयालाही खर्च येतो, हे विसरू नये. दोन खात्यांच्या अभियंत्यांनी वर्षभर आधी एकत्र बसणे, एकमेकांचे नकाशे तपासणे, एकाने दुसऱ्यासाठी काम थांबविणे, या सर्वाला वेळ आणि अधिकार लागतो. तो खर्च मात्र खात्यालाच करावा लागतो. ज्या व्यवस्थेत समन्वयाचा खर्च खात्याच्या पदरी आणि त्याच्या अभावाचा खर्च जनतेच्या पदरी पडतो, त्या व्यवस्थेत समन्वय होणार नाही, हे सांगण्यास ज्योतिषी नको.

मी राहतो त्या गल्लीचेच पाहा. एका पावसाळ्यानंतर रस्ता नव्याने झाला. दोन महिन्यांत तो जलवाहिनीसाठी खोदला गेला, बुजविला गेला. मग तारांसाठी खोदला गेला, आणि तिसऱ्यांदा कशासाठी खोदला, हे खोदणाऱ्या मजुरालाही ठाऊक नव्हते. भर उन्हात चर खणणाऱ्या त्या तरुणाला मी विचारले, तेव्हा तो म्हणाला, “सर, आम्हाला खुणा करून देतात, आम्ही खणतो.” संपूर्ण यंत्रणेचे तत्त्वज्ञान त्याने एका वाक्यात सांगितले. शेजारच्या आजी त्या चरावर टाकलेल्या फळीवरून जाताना पडल्या आणि चार महिने अंथरुणाला खिळून होत्या. तो खर्चही कोठे नोंदला गेला नाही.

यावर एक उपाय हमखास सुचविला जातो : सर्व अधिकार एकाच प्राधिकरणाच्या हाती द्या. हा उपाय नवा नाही. महानगराच्या विकासाचे नियोजन आणि समन्वय करण्यासाठीच १९७४ च्या कायद्यान्वये १९७५ साली मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरण स्थापन झाले. समन्वयासाठी जन्मलेली ही संस्था वांद्रे-कुर्ला संकुलातील जमिनीच्या उत्पन्नावर स्वतःच उड्डाणपूल, मोनोरेल आणि मेट्रो बांधू लागली. ज्या खात्यांची मोट बांधावयाची, त्यांत आणखी एकाची भर पडली! २००६ च्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणाने एकीकृत महानगर वाहतूक प्राधिकरणाची शिफारस केली. मुंबईत २००८ साली तशी समितीवजा रचना झालीही, पण तिला कायद्याचे बळ नव्हते. आणि ७४ व्या घटनादुरुस्तीने जोडलेल्या बाराव्या अनुसूचीत रस्ते व पूल आहेत, पण नागरी वाहतूक हा विषयच नाही. म्हणजे रस्ता नगराचा, पण त्यावरून माणसाने कसे जावयाचे हे ठरविण्याचा अधिकार नगराचा असेलच असे नाही.

मोनोरेलची कथा या संदर्भात उद्बोधक आहे. २०१४ साली चेंबूर ते वडाळा आणि २०१९ साली जेकब सर्कलपर्यंत ती धावू लागली. अडीच हजार कोटींहून अधिक रुपये तिच्यावर खर्च झाले. प्रवासी पुरेसे मिळाले नाहीत, बिघाड वाढत गेले आणि सप्टेंबर २०२५ मध्ये ती सुधारणेसाठी थांबविण्यात आली.

याच काळात बेस्टच्या बसचे काय झाले? ७ ऑगस्ट १९४७ रोजी, स्वातंत्र्यापूर्वी आठ दिवस, हा उपक्रम महापालिकेच्या मालकीचा झाला. विजेच्या नफ्यातून बसचा तोटा भरून काढण्याची त्याची पद्धत म्हणजे नगरपातळीवरील व्यवहार्य समाजवादच होता. एके काळी बसगाड्यांची संख्या चार हजारांच्या वर होती. २०२५ मध्ये ती तीन हजारांच्या आत आली आणि त्यांतही उपक्रमाच्या स्वतःच्या गाड्या काही शेकडाच उरल्या, बाकीच्या भाड्याच्या. मे २०२५ मध्ये किमान भाडे पाचाचे दहा रुपये झाले. त्याच शहरात साडेदहा किलोमीटरांच्या सागरी किनारा मार्गावर सुमारे चौदा हजार कोटी रुपये खर्च झाले, आणि त्यावर दुचाकीलाही मज्जाव आहे.

बसला चालक, वाहक, आगार आणि रस्त्यावर स्वतःची मार्गिका लागते. तिच्यासाठी खांब उभारावे लागत नाहीत, बोगदा खणावा लागत नाही, कोनशिला बसवावी लागत नाही. तिचा दोष हाच, की तिच्यातून मोठे कंत्राट निघत नाही. समन्वयाचा अभाव सर्वांच्या बाबतीत सारखा नसतो, ही गोष्ट कार्यकर्त्यांनी नीट लक्षात घ्यावी. ज्या कामात सिमेंट आणि पोलाद अधिक, तेथे खात्यांच्या परवानग्या लवकर मिळतात. ज्या कामात फक्त माणसांची सोय आहे, तेथे फाईल फिरत राहते.

मार्च २०२२ पासून जवळजवळ चार वर्षे मुंबई महापालिकेत लोकांनी निवडलेले सभागृहच नव्हते. पुलांच्या ज्या हकीकती वर सांगितल्या, त्यांचा बराचसा भाग या प्रशासकीय काळातला आहे. २०२३ च्या आरंभी सुमारे चारशे किलोमीटर रस्त्यांच्या काँक्रीटीकरणाची सुमारे सहा हजार कोटींची कामे दिली गेली, ती याच काळात. शहर भागाचे कंत्राट वर्षअखेर रद्द करून फेरनिविदा काढावी लागली. नगरसेवक असते तर सर्व सुरळीत झाले असते, असा माझा भाबडा दावा नाही. पण प्रश्न कोणाला विचारावयाचा, हे तरी ठाऊक असते.

येथे थोडे आत्मपरीक्षणही करावे. भाडेवाढीविरुद्ध मोर्चे आम्ही काढले, कामगारांच्या संपात उभे राहिलो, ते योग्यच होते. परंतु रस्त्याचा नकाशा, कामाचा क्रम, निविदेतील अटी हे ‘तांत्रिक’ विषय म्हणून आम्ही अभियंत्यांवर सोडून दिले. तांत्रिक म्हणविला जाणारा प्रत्येक निर्णय अखेर कोणाचा वेळ स्वस्त आणि कोणाचा महाग, हे ठरवीत असतो. तो राजकीय निर्णय आहे आणि त्यावर बोलणे आपले काम आहे.

म्हणून मागण्या नेमक्या असाव्यात. प्रत्येक प्रभागात खोदाईची संयुक्त नोंदवही असावी आणि ती लोकांना पाहावयास मिळावी. नव्या रस्त्यास ठरावीक मुदतीत हात लावणाऱ्या खात्याने त्याचे कारण जाहीर करावे व भुर्दंड स्वतः सोसावा. प्रत्येक मोठ्या प्रकल्पाच्या अंदाजपत्रकात जनतेच्या वाया जाणाऱ्या वेळेची किंमत धरावी. पूल बंद करण्यापूर्वी पर्यायी बससेवा सुरू व्हावी, नंतर नव्हे. आणि समन्वयाची संस्था असावीच, पण तिला कायद्याचा आधार असावा, तिने स्वतः कंत्राटे देऊ नयेत आणि ती निवडून आलेल्या सभागृहाला उत्तरदायी असावी.

ज्या पुलापासून हा लेख सुरू झाला, त्याला नामदार गोखल्यांचे नाव आहे. परक्या सरकारच्या अंदाजपत्रकातील आकड्यांमागे रयतेची स्थिती काय आहे, हे भर विधिमंडळात उभे राहून विचारणारा तो अर्थशास्त्राचा प्राध्यापक पुण्याच्या नगरपालिकेचाही अध्यक्ष झाला होता. नगराचा कारभार आणि देशाचा हिशेब यांत उच्चनीच आहे असे त्यांनी मानले नाही. त्यांच्या नावाच्या पुलावरून जाताना आपणही तोच प्रश्न विचारावयास हवा : या दीड मीटरचा खर्च कोणाच्या खात्यावर मांडला?