राणीचे रंग



'निळा-पांढरा रंग गेला आणि डेक्कन क्वीन संपली' अशा आशयाचे पत्र वाचले. पत्रलेखकांचा जिव्हाळा पोचला, पण इतिहास जरा घसरला. 1 जून 1930 रोजी ही गाडी सुरू झाली तेव्हा तिचे रेकच दोन होते. एक रुपेरी, लाल पट्ट्यांचा आणि दुसरा निळा, सोनेरी रेघांचा. म्हणजे राणीचे लुगडे जन्मापासूनच एक नव्हते! आणि निळ्या-पांढऱ्यावर प्रेम करणाऱ्यांनी (त्यांत मीही आहे) ते आपल्या तरुणपणावरचे प्रेम आहे, हे कबूल करावे.

जून 2022 मध्ये नव्या बनावटीचे एलएचबी डबे आले, हिरवा रंग आला. मला रंगापेक्षा बदललेल्या सवयी जास्त दिसल्या. जुन्या डब्यांचा खडखडाट गेला, पण नव्या कपलिंगमुळे गाडी सुटताना हलकासा हिसका बसतो. डायनिंग कारमध्ये मुरलेले पासधारक सिग्नल हिरवा दिसला की न बोलता कप टेबलावरून उचलून हातात धरतात. नवखा बोलतच राहतो. मग रुमाल शोधतो.

ती डायनिंग कार टिकली, याबद्दल पत्रात अवाक्षर नाही. विस्टाडोमबद्दलही नाही. 15 ऑगस्ट 2021 पासून तो काचेच्या छताचा डबा लागतो. खंडाळ्याला तिथे माना वर, मोबाइल वर. आमच्या डब्यात मात्र बोगदा आला काय, गेला काय, पत्त्यांचा डाव मोडत नाही.

– एक जुना पासधारक, सदाशिव पेठ, पुणे