लेहेंग्यावर बंदी आली, पण नवरदेवाच्या अंगठीचं काय? नांदेडच्या निर्णयातून खान्देशातल्या मुस्लिमांनी काय घ्यावं

लग्नसराई सुरू झाली की जळगावच्या सराफ बाजारात आणि धुळ्याच्या कापड दुकानांत पाय ठेवायला जागा उरत नाही. मुलीकडचे, मुलाकडचे, सोबत दोन खाला आणि एक फुफी. लेहेंगा कोणत्या रंगाचा, शेरवानी विकत घ्यायची की भाड्याने, यावर अर्धा दिवस जातो. याच गर्दीत शीख बांधवही असतात. पुष्कळदा त्यांच्या मुलींचा लेहेंगाही त्याच दुकानातून जातो.

या लेहेंग्यावर आपल्याच महाराष्ट्रात एक धार्मिक निर्णय झालेला आहे. तो शीख समाजापुरता आहे, पण त्याची चर्चा आपल्या घरातही व्हायला हवी. कारण त्या निर्णयात जे सांगितलं गेलं आणि जे राहून गेलं, ते दोन्ही आपल्या लग्नांनाही लागू पडतं.

नांदेडचा निर्णय काय होता?

नांदेडचं तख्त सचखंड श्री हजूर साहिब हे शिखांच्या पाच तख्तांपैकी एक. जळगाव आणि भुसावळवरून जाणारी सचखंड एक्स्प्रेस याच तख्ताच्या नावाने ओळखली जाते. डिसेंबर २०२३ मध्ये तिथल्या धर्मप्रमुखांच्या बैठकीत लग्नाबद्दल काही निर्णय झाले. आनंद कारजच्या वेळी, म्हणजे गुरु ग्रंथ साहिबसमोर होणाऱ्या विवाहविधीत, नवरीने लेहेंगा घालू नये. सलवार-कमीज आणि डोक्यावर चुन्नी असावी. नवरी येताना तिच्या डोक्यावर चुनरीचा किंवा फुलांचा मांडव धरू नये. लग्नपत्रिकेत नावापुढे 'सिंह' आणि 'कौर' लिहावं.

कारण साधं होतं. जड लेहेंगा घालून मुलीला चालणं, बसणं, माथा टेकणं अवघड जातं आणि विधीचं गांभीर्य हरवतं. त्याआधी ऑक्टोबर २०२३ मध्ये अमृतसरच्या अकाल तख्तानेही समुद्रकिनाऱ्यावर आणि रिसॉर्टवर आनंद कारज लावायला मनाई केली होती.

यात नवं फार काही नव्हतं. शिखांच्या १९४५ च्या रहत मर्यादेत लग्नाचे नियम आहेत. मुहूर्त आणि पत्रिका पाहू नये, सेहरा बांधू नये, दारू आणि नाचगाणं नको. त्यातला एक नियम तर आपण लिहून घ्यावा असा आहे: बरातीत माणसं कमीत कमी असावीत आणि ती किती, हे मुलीकडचे ठरवतील.

मुलाकडचे नाही, मुलीकडचे. आपल्याकडे याच्या उलट चालतं. मुलाचा मामा फोनवर सांगतो, "चारशे लोक येतील, जरा इंतजाम बघून घ्या." आणि मुलीचा बाप "जी भाई" म्हणून फोन ठेवतो.

आपलं लग्न किती दीनचं, किती मातीचं?

निकाहाला शरियतने जे लागतं ते अगदी थोडं आहे. दोघांची रजामंदी, ईजाब-कबूल, दोन गवाह, मेहर. खुतबा सुन्नत आहे. खजूर किंवा छुहारे वाटले की झालं. पंधरा मिनिटांचं काम.

बाकीचं बहुतेक सगळं या मातीतून आलं आहे. हळद आणि मेहंदी आपल्या शेजारच्या घरातही असते. पंजाबी घरांत नवरीला हळद लावून घरात बसवण्याला 'माइयाँ' म्हणतात, आपल्याकडे काही घरांत 'मायूं' म्हणतात. त्यांच्याकडे लाल चूडा, आपल्याकडे मनियाराच्या हातून भरलेल्या हिरव्या बांगड्या. बूट लपवून मेव्हण्यांनी पैसे मागणं दोन्हीकडे. सेहराही दोन्हीकडे, आणि गंमत अशी की दोन्हीकडच्या धर्मजाणकारांना तो फारसा पसंत नाही. गळ्यातली काळी पोत तर दख्खनच्या मुस्लिम बायकांनी पिढ्यान्‌पिढ्या घातली.

कपड्यांचंही तेच. आपल्या नानी-दादींच्या पिढीत अनेक जणी लग्नात साडी नेसल्या, खेड्यांत नऊवारीसुद्धा. आजचा भरजरी लेहेंगा ना इस्लामचा, ना खान्देशचा. तो सिनेमातून आणि मोबाइलमधून आला. सुरतची बाजारपेठ जवळ, त्यामुळे तो इथे पोहोचायला वेळ लागला नाही.

रिवाज मातीतला आहे म्हणून तो वाईट ठरत नाही. शरियतने नवरीला कोणता रंग किंवा कोणता पोशाख ठरवून दिलेला नाही. पडदा आणि हया सांभाळली, फिजूलखर्ची टाळली की लाल-हिरव्याचं बंधन नाही. मुलगी एका दिवसासाठी नटली तर कुणाचं बिघडत नाही. बिघडतं ते त्या दिवसाचं बिल कोण भरतो, तिथे.

बोट फक्त नवरीकडेच का?

नांदेडच्या निर्णयात पोशाखाचा नियम नवरीला होता. आपल्याकडेही लग्नातल्या 'बेहयाई'वर तकरीर झाली की विषय नवरीच्या कपड्यांवर येऊन थांबतो. ब्लाउज कसा होता, मेकअप किती होता, फोटो कुणी काढले.

आता नवरदेवाकडे बघा. मर्दांसाठी सोनं आणि रेशीम दोन्ही मना आहे, हे मदरशात जाणाऱ्या लहान मुलालाही ठाऊक असतं. पोशाखाबद्दल शरियतने मर्दावर घातलेलं हे अगदी स्पष्ट बंधन आहे. तरी स्टेजवर सासरा जावयाच्या बोटात सोन्याची अंगठी घालतो, गळ्यात चेन घालतो, फोटो निघतात, 'माशाअल्लाह' म्हटलं जातं. काझीसाहेब बाजूलाच बसलेले असतात. कुणी हात धरत नाही.

ती अंगठी नुसती अंगठी नाही. २०२५ च्या एप्रिलमध्ये सोनं जीएसटी धरून तोळ्याला लाखावर गेलं आणि त्याच वर्षी दिवाळीत सव्वा लाखाच्या पुढे. अर्ध्या तोळ्याची अंगठी आणि एका तोळ्याची चेन म्हणजे त्या भावाने जवळपास दोन लाख. हे हराम सोनं हलालाच्या कमाईतून घेतलं जातं, आणि तेही मुलीच्या बापाच्या.

नियम ज्याच्यावर घालणं सोपं त्याच्यावरच घातला जातो. नवरीवर घालणं सोपं आहे. मुलाच्या बापावर घालणं कठीण, कारण जमातीच्या कमिटीत तोच बसलेला असतो.

२०२१ ची मोहीम कुठे थांबली?

फेब्रुवारी २०२१ मध्ये अहमदाबादच्या एका विवाहितेने व्हिडिओ करून साबरमतीत उडी घेतली. देश हादरला. त्यानंतर ऑल इंडिया मुस्लिम पर्सनल लॉ बोर्डाने 'आसान और मसनून निकाह' ही मोहीम काढली आणि ११ कलमांचा इकरारनामा दिला. मशिदीत साधा निकाह, हुंडा नको, बरात-आतषबाजी-नाचगाणी नको, निकाहाच्या वेळचं जेवण फक्त बाहेरगावच्या पाहुण्यांना आणि घरच्यांना, वलीमा साधा आणि त्यात गरिबांची आठवण. जुम्म्याच्या बयानांत विषय झाला, लोकांनी हात वर करून वचन दिलं.

काही फरक पडला, हे मान्य करायला हवं. मशिदीतले निकाह वाढले. काही बिरादऱ्यांनी सामूहिक निकाह लावले, काही ठिकाणी डीजे बंद झाला. पण पुष्कळ घरांत असं झालं की निकाह असरनंतर मशिदीत आणि जेवण रात्री हॉलमध्ये, पाचशे पानांचं. सादगी मशिदीत राहिली, खर्च हॉलमध्ये गेला. डीजे दिसतो, ऐकू येतो, म्हणून तो बंद करता येतो. जहेजचं सामान आदल्या रात्री टेम्पोतून जातं, ते कुणाला दिसत नाही.

हे फक्त आपल्याकडे घडतं असं नाही. मे २०२५ मध्ये पुणे जिल्ह्यात एका विवाहितेचा हुंड्याच्या छळातून मृत्यू झाल्याचा आरोप झाला. त्यानंतर मराठा समाजातही लग्नाच्या आचारसंहितेच्या बैठका झाल्या. हुंडाबंदी कायदा तर १९६१ पासून आहे. कायदा आहे, फतवा आहे, आचारसंहिता आहे. तरी मुलीचा बाप कर्जातच.

एकदा हिशेब मांडून बघू

समजा, धुळ्यातला एक लूम कामगार आहे, महिन्याला पंधरा हजार कमावतो. मुलीला फक्त दोन तोळे सोनं दिलं तरी २०२५ च्या दिवाळीतल्या भावाने अडीच लाख. पाचशे माणसांचं जेवण, पानामागे दोनशे रुपये धरले तरी एक लाख. पलंग, कपाट, फ्रिज, भांडी मिळून दीड लाख. झाले पाच लाख. लेहेंगा यात धरलेलाच नाही. म्हणजे जवळपास पावणेतीन वर्षांची पूर्ण कमाई, तीही घरात कुणी एक घास न खाता. लेहेंगा भाड्याने आणून दहा-पंधरा हजार वाचवले, तर या बापाला किती फरक पडणार?

आता दुसरी बाजू. निकाहनाम्यात मेहर लिहिली जाते, 'सिक्का राइजुल वक्त' असं म्हणून मोठ्याने वाचली जाते. पण रक्कम किती? अनेक ठिकाणी इतकी की तेवढ्यात नवरदेवाचे मोजडेही येणार नाहीत, आणि तीही उधार. मेहर-ए-फातमी आपल्याकडचे उलमा १३१ तोळे ३ मासे चांदी धरतात. हे जुने तोळे, म्हणजे साधारण १५३० ग्रॅम. २०२५ च्या दिवाळीत चांदी किलोला दीड लाखाच्या वर होती. त्या भावाने ही मेहर सव्वादोन लाखांवर जाते. प्रत्येकाने एवढीच द्यावी असं नाही, ऐपतीप्रमाणे द्यावी. पण जी रक्कम शरियतने मुलाकडून मुलीला देवविली ती नाममात्र राहिली, आणि जी कुठेच सांगितली नाही ती मुलीच्या बापाकडून लाखांत वसूल होते. एवढी उलटी गंगा आपण रोज बघतो आणि तिला 'रिवाज' म्हणतो.

जेवणाचंही तसंच. सुन्नत जेवण वलीमा आहे आणि तो मुलाने द्यायचा आहे. मुलीच्या बापाने बरात जेवू घालावी, हे शरियतने त्याच्यावर कुठेही लादलेलं नाही.

मग करायचं काय?

बयान पुरेसं नाही, नियम योग्य जागी लागला पाहिजे. नांदेडच्या तख्ताकडून घ्यायची गोष्ट ही की धर्मसंस्था विधीच्या वेळी स्पष्ट बोलू शकते. आपल्याकडेही बोलायची एक जागा आहे, ती म्हणजे निकाहनाम्यावर सही होण्याआधीची पाच मिनिटं.

तिथे काझीसाहेबांनी आणि जमातीच्या जिम्मेदारांनी तीन गोष्टी विचाराव्यात. मेहर किती आणि ती आज रोख दिली जाते आहे का? मुलाच्या अंगावर सोनं आहे का? असेल तर ते उतरवून निकाह व्हावा. आणि जेवण कुणाकडून आहे? मुलीकडून असेल तर माणसं किती, हे मुलीच्या बापाने ठरवलं की त्याला सांगितलं गेलं?

सुरुवात कमिटीवाल्यांच्या, डॉक्टर-बिल्डरांच्या घरापासून व्हावी. गरीब माणूस हौसेने कर्ज काढत नाही. "लोक काय म्हणतील" या भीतीने काढतो, आणि ते 'लोक' म्हणजे हेच पैसेवाले. त्यांच्या घरचा निकाह शंभर माणसांत झाला, तर गल्लीतल्या रिक्षावाल्याला पाचशे जेवू घालायची गरज उरणार नाही.

आणि घरात मुलगा असेल तर मंगनीच्या दिवशीच आईने एक वाक्य बोलावं: "आम्हाला फक्त मुलगी हवी, बरात आम्ही तुम्ही सांगाल तेवढीच आणू." हे वाक्य मुलीच्या बापाच्या तोंडून निघू शकत नाही. तो बोलला तर रिश्ता तुटायची भीती असते. ते मुलाच्या घरातूनच आलं पाहिजे.

नवरी लेहेंगा घालो, साडी नेसो की सलवार-कमीज. तिच्या बापाने दुसऱ्या दिवशी सकाळी सावकाराचा फोन न घाबरता उचलावा, एवढं झालं तरी निकाह आसान झाला म्हणायचं.