फसलेल्या अविश्वासाचा हिशेब

पंतप्रधानांविरुद्धचा अविश्वासाचा ठराव लोकसभेत फेटाळला गेला की वाचकांचा एक प्रश्न ठरलेला असतो. जे घडणार नाही हे पोरासोरांसही आधीपासून ठाऊक होते, त्यासाठी विरोधी पक्षांनी एवढा खटाटोप कशाला करावा? नंदुरबारच्या बाजारात मिरची विकावयास आलेला शेतकरी जेव्हा हा प्रश्न विचारतो, तेव्हा त्यात थट्टेपेक्षा कंटाळा अधिक असतो. दिल्ली त्याला दूर आहे आणि तेथील मतांची बेरीज त्याच्या जमाखर्चात कोठेच बसत नाही. ह्या प्रश्नाला उडवाउडवीचे उत्तर देणे आम्हांस योग्य वाटत नाही, म्हणून आज पहिल्या पानावरची ही जागा आम्ही त्यासाठीच राखली आहे.

आमचे मत आरंभीच सांगून टाकतो. अविश्वासाचा ठराव पडतो, म्हणून तो निरर्थक ठरत नाही. सरकारला जे ऐकावेसे वाटत नाही ते त्याच्या तोंडावर बोलून दाखविण्याची आणि त्याचे उत्तर कागदावर घेण्याची जी संधी ह्या ठरावाने मिळते ती वाया गेली, तरच तो निरर्थक होतो. अलीकडे ती वाया जाऊ लागली आहे, आणि तो दोष एकट्या सत्ताधाऱ्यांचा नव्हे.

राज्यघटनेच्या ७५ व्या अनुच्छेदाप्रमाणे मंत्रिमंडळ लोकसभेस सामुदायिक रीत्या जबाबदार आहे. ह्या जबाबदारीची परीक्षा घेण्याचे सर्वांत धारदार साधन म्हणजे हा ठराव. पन्नास सभासद पाठीशी उभे राहिले की तो सभागृहापुढे येऊ शकतो. निंदाव्यंजक ठरावाला कारण द्यावे लागते, ह्याला तेही द्यावे लागत नाही. त्यामुळे चर्चेत कोणताही विषय काढता येतो आणि तो विषय आमच्या खात्याचा नाही असे म्हणून कोणा मंत्र्यास अंग काढून घेता येत नाही. १९६३ पासून २०२३ पर्यंत असे अठ्ठावीस ठराव लोकसभेत आले. त्यांपैकी एकही मतदानाने संमत झालेला नाही. जी सरकारे सभागृहात कोसळली, म्हणजे १९९० मध्ये विश्वनाथ प्रताप सिंह यांचे, १९९७ मध्ये देवेगौडांचे आणि १९९९ मध्ये एका मताने वाजपेयींचे, ती सारी स्वतःच मांडलेल्या विश्वासदर्शक ठरावावर कोसळली.

पहिला ठराव आला तो १९६३ च्या ऑगस्टमध्ये. चीनच्या युद्धातील नामुष्कीला वर्षही झाले नव्हते. कृष्ण मेनन जाऊन संरक्षण खाते यशवंतराव चव्हाणांकडे आले होते, आणि आचार्य कृपलानी, डॉ. राममनोहर लोहिया व मिनू मसानी हे तिघे त्याच वर्षी पोटनिवडणुका जिंकून लोकसभेत पोचले होते. कृपलानींनी नेहरूंच्या मंत्रिमंडळावर अविश्वास मांडला. चार दिवस, एकवीस तासांहून अधिक, चर्चा चालली. शेवटी ठरावाच्या बाजूने ६२ आणि विरुद्ध ३४७ मते पडली. इतका दणदणीत पराभव पाहून कोणीही म्हणावे की कृपलानींनी उगाच दगडावर डोके आपटून घेतले.

परंतु त्या चर्चेतले आज काय उरले आहे? ३४७ हा आकडा उरलेला नाही. तो आम्हांसही टिपण पाहूनच लिहावा लागला. उरले आहेत ते लोहियांचे तीन आणे. ह्या देशातील सत्तावीस कोटी माणसे दिवसाला तीन आण्यांवर जगतात, असे त्यांनी त्या चर्चेत सरकारला सुनावले. सरकारने उत्तर दिले की सरासरी पंधरा आण्यांची आहे. मग सरासरी म्हणजे काय, कोणाची, श्रीमंतांचे रुपये गरिबांच्या आण्यांत मिसळून काढलेली सरासरी खरी की खोटी, ह्यावर वाद पेटला आणि तो सभागृहाबाहेरही पुष्कळ दिवस चालला. दारिद्र्य मोजावे कसे हा प्रश्न त्यापूर्वी योजनाकारांच्या बैठकीतला होता. तो चावडीवर आला. नेहरूंच्या मोठेपणाचीही नोंद येथे केली पाहिजे. आपण ह्या ठरावाचे स्वागतच करतो, अशी परीक्षा अधूनमधून होत राहिली तर ते बरेच होईल, असे ते उत्तराच्या भाषणात म्हणाले. बहुमत खिशात असताना असे म्हणण्यास खर्च काही येत नाही हे खरे, पण अलीकडच्या काळात तेवढा खर्चही कोणी करीत नाही.

तीन आण्यांची ही गोष्ट नंदुरबारच्या वाचकाला दूरची वाटू नये. आमचा जिल्हा तेव्हा धुळे जिल्ह्याचा भाग होता. तो वेगळा झाला १ जुलै १९९८ रोजी. नीती आयोगाने २०२१ मध्ये बहुआयामी दारिद्र्याचा पहिला निर्देशांक प्रसिद्ध केला तेव्हा महाराष्ट्रातील जिल्ह्यांत सर्वांत तळाशी नंदुरबार होता, आणि निम्म्याहून अधिक लोक त्या व्याख्येप्रमाणे दरिद्री ठरले होते. पुढे हे प्रमाण उतरले, ते चांगलेच झाले. परंतु राज्याच्या सरासरीत मुंबई आणि पुणे मिसळले की अक्कलकुवा आणि धडगाव दिसेनासे होतात, हा लोहियांचाच मुद्दा आजही जसाच्या तसा उभा आहे. सरदार सरोवराच्या पाण्यात महाराष्ट्रातील जी ३३ गावे सापडली ती ह्याच दोन तालुक्यांतील. ऊसतोडीसाठी दरसाल गुजरातेत जाणारी बिऱ्हाडे, डोंगरातल्या पाड्यांवरील कुपोषित मुले, हे विषय एरवी प्रश्नोत्तराच्या तासात दोन ओळींत संपतात. अविश्वासाच्या चर्चेत ते पूर्ण उंचीने उभे करता येतात. आम्हांस ठराव हवा तो ह्यासाठी.

ठराव पडला नाही, तर मतदानापूर्वीच सरकार पडले, असेही एकदा घडले आहे आणि त्यात मुख्य पात्र मराठी होते. जुलै १९७९ मध्ये विरोधी पक्षनेते यशवंतराव चव्हाण यांनी मोरारजी देसाईंच्या सरकारवर अविश्वास मांडला. जनता पक्षाला आतून वाळवी लागलेलीच होती. सभासद एकामागून एक निघून जाऊ लागले तेव्हा मोरारजींनी मताला सामोरे न जाता राजीनामा दिला. पुढे चरणसिंग पंतप्रधान आणि चव्हाण उपपंतप्रधान झाले, आणि ते सरकार लोकसभेला तोंड न दाखविताच राजीनामा देऊन मोकळे झाले. ज्याने पाडले त्याला उभारता आले नाही. यशवंतरावांविषयी आम्हांस नितांत आदर आहे, तरी त्या उन्हाळ्यानंतरचा हा अध्याय त्यांच्या कीर्तीत भर घालणारा नाही, हे लिहिणे भाग आहे.

ह्या साधनाची दुसरी, काळी बाजूही झाकून ठेवता येत नाही. २८ जुलै १९९३ रोजी नरसिंह राव यांच्या अल्पमतातील सरकारवरचा ठराव २५१ विरुद्ध २६५ असा पडला. नंतर आरोप झाला की झारखंड मुक्ती मोर्चाच्या सभासदांनी पैसे घेऊन सरकार वाचविले. राव यांना खालच्या न्यायालयाने २००० मध्ये दोषी ठरविले आणि दिल्ली उच्च न्यायालयाने २००२ मध्ये निर्दोष सोडले. परंतु ह्याहून विलक्षण होता तो सर्वोच्च न्यायालयाचा १९९८ चा बहुमताचा निर्णय. लाच घेऊन त्याप्रमाणे सभागृहात मत देणाऱ्या सभासदास घटनेचे संरक्षण आहे, आणि लाच घेऊन मतच न देणाऱ्यास मात्र नाही, असा त्याचा मथितार्थ निघत होता. म्हणजे सौद्याला जागणारा सुटतो आणि सौदा मोडणारा अडकतो! हा विपरीत न्याय दुरुस्त व्हावयास सव्वीस वर्षे लागली. ४ मार्च २०२४ रोजी सात न्यायमूर्तींच्या पीठाने तो निर्णय रद्द केला. ज्यांच्यावर हा आरोप आला ते आदिवासींच्या हक्कासाठी उभ्या राहिलेल्या पक्षाचे प्रतिनिधी होते. अनुसूचित जमातींसाठी राखीव असलेल्या आमच्या मतदारसंघाला ही गोष्ट इतरांहून अधिक बोचली पाहिजे. २००८ मध्ये मनमोहन सिंगांनी २७५ विरुद्ध २५६ मतांनी विश्वास मिळविला त्या दिवशी तर नोटांची पुडकीच लोकसभेच्या मेजावर आली. त्यापुढे आणखी काय लिहावे?

पंतप्रधानाला दूर करण्याचा अधिकार लोकप्रतिनिधींच्या हातून निसटला तर काय होते, हे ज्यांना पाहावयाचे असेल त्यांनी थायलंडकडे पाहावे. तेथे प्रयुत चान-ओचा यांच्यावर २०२० ते २०२२ ह्या काळात चार वेळा अविश्वास मांडला गेला आणि चारही वेळा तो पडला. मार्च २०२५ मध्ये पेतोंगतार्न शिनावात्रा यांच्यावरील ठरावही १६२ विरुद्ध ३१९ मतांनी पडला. त्यांच्या कारभारावर वडील ठाकसिन यांची छाया आहे, हा विरोधकांचा मुख्य आक्षेप होता. पण सभापतींच्या हरकतीमुळे ठरावात ठाकसिन यांचे नाव घालता आले नाही, कुटुंबातील व्यक्ती असे मोघम लिहावे लागले. संसदेत असा निर्विघ्न विजय मिळविलेल्या ह्या बाईंना पुढे पाच महिन्यांत घटना-न्यायालयाने पदावरून काढले, कंबोडियाच्या हुन सेन यांच्याशी झालेल्या दूरध्वनीवरील संभाषणाच्या कारणाने. २००८ पासून तेथील न्यायालयाने पाच पंतप्रधानांना घरी पाठविले आहे. त्यांतले एक, समक सुंदरावेज, दूरचित्रवाणीवर स्वयंपाकाचा कार्यक्रम करतात म्हणून गेले. ज्या देशात संसद पंतप्रधानाला हलवू शकत नाही आणि नऊ न्यायाधीश हलवू शकतात, तेथे मतदाराने कोणाकडे दाद मागावी? आपल्याकडे ठराव पडतात, पण पडतात ते निवडून आलेल्या माणसांच्या मतांनी, ही तुलनेने पुष्कळच बरी अवस्था आहे.

मात्र ही अवस्था आपण कशी वापरतो? २० जुलै २०१८ च्या ठरावात निदान मतविभागणी झाली. १२६ विरुद्ध ३२५ अशी नोंद राहिली, आणि महाराष्ट्रातील शिवसेना सत्तेत भागीदार असूनही अलिप्त राहिली हेही लोकांना दिसले. २०२३ मध्ये तेवढेही झाले नाही. मणिपूरमध्ये ३ मेपासून हिंसाचाराचा आगडोंब उसळला होता. पंतप्रधानांनी सभागृहात येऊन त्यावर बोलावे, एवढ्यासाठीच हा ठराव आहे, असे मांडणारे गौरव गोगोई यांनी स्वच्छ सांगितले होते. २६ जुलैला दाखल झालेला ठराव ८ ऑगस्टला चर्चेस आला. मधल्या दिवसांत सरकारची विधेयके संमत होतच होती. १० ऑगस्टला पंतप्रधान दोन तासांहून अधिक बोलले. दीड तास लोटला तरी मणिपूरचे नाव निघेना म्हणून विरोधक सभात्याग करून गेले. त्यांच्या पाठीमागे पंतप्रधान मणिपूरवर बोलले आणि ठराव आवाजी मताने फेटाळला गेला.

ज्या प्रश्नासाठी ठराव आणला त्याचे उत्तर तासदीडतास लांबविणे हे पंतप्रधानपदाला शोभणारे नव्हते. परंतु विरोधकांच्या वर्तनाचे समर्थनही आम्ही करू शकत नाही. जे उत्तर मागण्यासाठी अडीच आठवडे धरणे धरले, ते उत्तर यावयाच्या वेळी आसने रिकामी! बसून राहिले असते, तर मतविभागणी मागता आली असती. मग कोणत्या जिल्ह्याच्या प्रतिनिधीने मणिपूरच्या प्रश्नावर कोणते मत दिले हे कायमचे लिहिले गेले असते. आवाजी मतात माणसाचे नाव नसते. सुमारे सत्तर टक्के लोकवस्ती आदिवासी असलेल्या नंदुरबारला, दुसऱ्या टोकाच्या डोंगरी राज्यातील जमातींच्या दुःखावर आपल्या प्रतिनिधीचे मत नावानिशी पाहण्याचा हक्क होता. तो त्या दिवशी विरोधकांनीच घालविला.

मत तरी स्वतःचे कोठे असते, पक्षादेश मोडला तर पक्षांतरबंदीच्या कायद्याने सभासदत्व जाते, असे कोणी म्हणेल. १९८५ च्या त्या कायद्याने सौदे पुरते थांबले नाहीत, पण निकाल आधीच ठरू लागला हे खरे आहे. तथापि सरकार राहावे की जावे ह्या मतावर पक्षाचे बंधन असावे हे आम्हांस मान्य आहे. दिनेश गोस्वामी समितीनेही १९९० मध्ये बंधन केवळ अशाच मतांपुरते ठेवावे, इतरत्र नको, असे सुचविले होते. मत बांधलेले असेल तर मोकळे राहते ते फक्त भाषण. आणि नेमके तेच आज सर्वांत अधिक आखडलेले आहे. चर्चेचा वेळ पक्षांच्या संख्येप्रमाणे वाटला जातो, पक्षातही तो पुढच्या बाकावरच्या मंडळींत संपतो, आणि दूरच्या जिल्ह्याच्या सभासदाला मिळालीच तर काही मिनिटे मिळतात. ती मिनिटेही नेत्याच्या स्तुतीत किंवा प्रतिपक्षाच्या निंदेत जातात.

आमच्या मतदारसंघाने माणिकराव गावितांना सलग नऊ वेळा निवडून दिले. १९९३, १९९९ आणि २००८ ह्या तिन्ही प्रसंगी नंदुरबारची जागा त्यांच्याकडेच होती. पहिल्या व तिसऱ्या वेळी त्यांचा पक्ष सरकार वाचवीत होता, दुसऱ्या वेळी पाडीत होता. २०१४ मध्ये ह्याच मतदारांनी त्यांना पराभूत करून डॉ. हीना गावित यांना पाठविले, आणि दोन कार्यकाळांनंतर २०२४ मध्ये त्यांनाही बाजूला सारून गोवाल पाडवी यांना निवडले. दिल्लीत साठ वर्षांत जो ठराव एकदाही संमत झाला नाही, तो नंदुरबारने दहा वर्षांत दोनदा संमत केला. ज्या मतदाराला हे जमते, त्याने आपल्या प्रतिनिधीला लोकसभेतील कामाचा हिशेब विचारण्यास संकोच बाळगण्याचे कारण नाही. राज्यकर्त्यांना शुभारंभ करावयास हा जिल्हा बरोबर आठवतो. देशातील पहिले आधारपत्र २९ सप्टेंबर २०१० रोजी पंतप्रधानांच्या उपस्थितीत आमच्या टेंभलीतच दिले गेले.

तेव्हा पुन्हा असा ठराव येईल त्या वेळी, प्रतिनिधी कोणत्याही बाकावरचा असो, आमच्या तीन मागण्या राहतील. त्याने बोलण्याची वेळ मागून घ्यावी व ती कोणी नाकारली हे जाहीर सांगावे. मिळालेल्या वेळात धडगाव, अक्कलकुवा, तळोदा, शहादा, नवापूर आणि नंदुरबार ह्या सहा तालुक्यांतला निदान एक प्रश्न नावागावासह मांडावा. आणि मत होईपर्यंत सभागृहात बसून राहावे. ते भाषण जसे असेल तसे, अनुकूल असो वा प्रतिकूल, आम्ही ह्याच पानावर समग्र छापू, आणि शेजारी त्याने दिलेले मतही छापू.