सांजांव, विहीर आणि बेंदूर

नेसरीहून घाट उतरला की गोवा. आमच्याकडे ज्येष्ठात बैल सजवून बेंदूर, तिकडे २४ जूनला सांजांव! सेंट जॉन बाप्तिस्तानं आईच्या पोटात आनंदानं उडी मारली, म्हणून लोक भरलेल्या विहिरीत उड्या मारतात. डोक्यावर पानाफुलांची कोपेल, नव्या जावयाचा मान, शिवोलीला सजवलेल्या होड्या. युरोपात हा सण उन्हाळ्यातला, शेकोट्यांचा. गोव्यात येऊन तो पावसात भिजला.

आता मात्र हॉटेलवाले तिकीट लावून स्विमिंग पूलमध्ये सांजांव करतात. मला काही हे पटत नाही. पुलाला ना शेजारी, ना जावई! गावातली विहीर बुजली की सणाचा नुसता डान्स उरणार. गोठ्यात बैलच नसेल, तर बेंदूर तरी कसला?