तक्ता पाहून गडबडू नका!

मैत्रिणींनो, मॅकिन्झी, बेन यांसारख्या सल्लागार कंपन्यांच्या मुलाखतीत उमेदवारापुढे एखाद्या धंद्याचा आलेख नाहीतर तक्ता ठेवतात आणि विचारतात, "यातून काय दिसतं?" मुलगी कितीही हुशार असो, इथं घाई केली की हातची नोकरी जाते. म्हणून लेकीला, सुनेला, किंवा तुम्हीच पुन्हा नोकरीला निघाला असाल तर स्वतःलाही, एवढं बजावा.

आधी मथळा, वर्ष नि एकक वाचा. आकडे लाखांत की कोटींत? मग डावीकडची उभी रेघ शून्यापासून सुरू होते का, ते पाहा. विक्री ४० कोटींवरून ४४ कोटींवर गेली आणि रेघ ३८ पासून मांडली, तर दुसरा खांब चक्क तिप्पट उंच दिसतो! खरी वाढ अवघी १० टक्के. टक्केवारी दिसली की "कशाचे टक्के?" हे विचारायचंच. त्यात कमीपणा नाही बरं का!

नुसते आकडे मात्र वाचून दाखवू नयेत. "विक्री वाढली, पण नफा घटला, म्हणजे खर्च कुठं वाढला ते पाहायला हवं," असा अर्थ सांगावा. वर्तमानपत्रातला एक आलेख घेऊन रोज दहा मिनिटं मोठ्यानं बोलून सराव करा. वाण्याचं बिल तपासणाऱ्या नजरेला हे जड नाही!