भीमा खोऱ्यातील माणसांचा जाहीरनामा

भीमाशंकरच्या डोंगरात उगम पावणारी भीमा पुणे, अहिल्यानगर, सोलापूर जिल्ह्यांना पाणी पाजत कर्नाटकात जाते आणि रायचूरजवळ कृष्णेला मिळते. वाटेत इंद्रायणी, मुळा-मुठा, घोड, नीरा, माण, सीना तिच्यात येतात. या पाण्यावर जगणारे आम्ही, म्हणजे मावळातले भातशेतकरी, पुण्यातले नळधारक, उजनीच्या फुगवट्यातले मच्छीमार, इंदापूर-माढ्याचे ऊस उत्पादक, माणदेशातले मेंढपाळ, पंढरीचे वारकरी आणि सोलापुरात नळाला पाणी कधी येणार याची वाट पाहणाऱ्या बाया, आज एकत्र येऊन एक चळवळ सुरू करत आहोत.

आमचे म्हणणे थोडक्यात असे: खोऱ्याचे पाणी एक आहे, म्हणून त्याचा कारभारही सगळ्यांनी मिळून करावा, आणि त्या कारभारात पहिला शब्द ज्याला सर्वांत शेवटी पाणी मिळते त्याचा असावा.

आज काय चालले आहे

माथ्यावर सह्याद्रीत धो धो पाऊस पडतो. पण मुळशी, ठोकरवाडी, वळवणच्या धरणांत अडवलेले पाणी वीज करून कोकणात उतरते. मुळशीच्या धरणाविरुद्ध सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली मावळातल्या शेतकऱ्यांनी १९२१ साली सत्याग्रह केला. त्याला शंभर वर्षे उलटली. तरी वीज किती आणि पाणी किती, हा हिशेब सगळ्या खोऱ्याने समोरासमोर बसून कधी केलेला नाही.

पुणे आणि पिंपरी-चिंचवडचे मैलापाणी पोटात घेऊन मुळा-मुठा दौंडच्या वर भीमेत उतरते. ते सारे उजनीत साठते. आळंदीला इंद्रायणीवर पांढरा फेस तरंगतो आणि त्याच पाण्यात वारकरी श्रद्धेने डुबकी मारतो.

उजनी १९८० साली पूर्ण झाले. एकूण साठा सुमारे ११७ टीएमसी, त्यातला निम्म्याहून जास्त, जवळपास ६३ टीएमसी, मृतसाठा. दुष्काळी वर्षी उन्हाळ्यात धरण ‘मायनस’मध्ये, म्हणजे मृतसाठ्याच्याही खाली, जाते. पाणी मागे सरते तसतसे काठचे शेतकरी मोटारी, केबल आणि पाइप खांद्यावर घेऊन भेगाळलेल्या गाळातून त्याच्या मागे जातात. रोज थोडे पुढे, रोज एक पाइप जास्त. पळसदेवचे बुडालेले देऊळ उघडे पडते. धरणासाठी ज्यांनी गावे सोडली त्यांची लेकरे तेव्हा आपल्या आजोबांच्या घराचा चौथरा शोधत फिरतात.

त्याच धरणातून सोलापूरसाठी वर्षानुवर्षे नदीपात्रात पाणी सोडले गेले. शहराला जेवढे लागते त्याच्या कितीतरी पट सोडावे लागले, कारण वाटेत ते वाळूत मुरते, उन्हाने उडते, मोटारी ओढून नेतात. त्याच दिवसांत माण आणि सीनेच्या काठची गावे टँकरची वाट पाहत असतात.

यात कुणी एक खलनायक नाही. पुणेकराने प्यायला पाणी मागणे रास्त आहे. हमीभावाने विकले जाणारे दुसरे पीक दिसत नाही म्हणून शेतकरी ऊस लावतो, हेही समजण्यासारखे आहे. पण हे सारे एकमेकांना भेटतात ते मोर्चात, कोर्टात किंवा कालवा सल्लागार समितीच्या बैठकीत. तिथे ज्याचा नेता वजनदार, त्याचे आवर्तन आधी सुटते. दुसऱ्याच्या वाट्याचे पाणी ओढून आणणाऱ्याला आपण कर्तबगार म्हणतो, त्याचे फ्लेक्स लावतो. या कर्तबगारीनेच खोरे कोरडे पडले आहे.

आम्ही कुणाच्या वाटेने चाललो आहोत

१९७२च्या दुष्काळानंतर याच खोऱ्यात, कऱ्हेच्या पट्ट्यात, विलासराव साळुंखे यांनी पुरंदरच्या नायगावातून पाणी पंचायत उभी केली. नियम साधे आणि कडक होते. पाणी जमिनीच्या मापाने नाही, घरातल्या माणसांच्या संख्येने मिळेल: माणशी अर्धा एकर, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर. भूमिहीनालाही वाटा. ऊस नाही. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर विकला जाणार नाही.

गोदावरी खोऱ्यात, दिंडोरीच्या वाघाड प्रकल्पावर, ओझरच्या समाज परिवर्तन केंद्राने बापू उपाध्ये आणि भरत कावळे यांच्या पुढाकाराने पाणीवापर संस्था बांधल्या. सुरुवात कालव्याच्या शेपटाकडून झाली, कारण पाणी पोचत नव्हते ते तिथेच. पुढे २४ संस्थांनी मिळून सबंध प्रकल्पाचा कारभार हाती घेतला.

धुळे-नाशिककडच्या फड पद्धतीत तर शेतकरी पिढ्यानपिढ्या मिळून पीक ठरवत आले, पाटकरी नेमत आले आणि टंचाईच्या वर्षी सगळे सारखे कमी घेत आले.

या तिन्ही ठिकाणी धडाडीची माणसे होती. पण काम टिकले ते नियम सगळ्यांनी बसून ठरवले आणि सगळ्यांनी पाळले म्हणून. गावापुरते, प्रकल्पापुरते जे जमले, ते आम्हाला खोऱ्यापुरते करायचे आहे.

आमचे नियम

१. चळवळीला कायमचा अध्यक्ष नसेल. दर पावसाळ्यानंतर निमंत्रकपद एका उपखोऱ्याकडून दुसऱ्याकडे जाईल, आणि निमंत्रकांच्या जोडीत एक बाई असेलच.

२. प्रत्येक बैठकीत आधी शेपटाकडची गावे बोलतील, मग मधली, शेवटी माथ्यावरची आणि शहरे.

३. पाण्याचा हिशेब उघड राहील. पाऊस, साठा, भूजल, उपसा आणि मैलापाणी यांचे आकडे गावच्या चावडीवर आणि शहरातल्या वॉर्डात मराठीत लागतील.

४. तुटीच्या वर्षी तूट सगळ्यांना वाटून घ्यावी लागेल. माणसांचे आणि जनावरांचे पाणी तेवढे त्यातून वगळू.

५. मागण्याआधी सोडू. प्रत्येक गट आधी आपण काय कमी करणार ते सांगेल. ऊस उत्पादक पाटपाण्याऐवजी ठिबक किंवा कमी क्षेत्र, शहरवासी गळती आणि सांडपाणी, कारखानदार पाण्याचा पुनर्वापर.

सरकारकडे आमची मागणी

२००५च्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरण कायद्याने खोरे महामंडळांनाच नदीखोरे अभिकरण, म्हणजे खोऱ्याचे पाणी वाटणारी यंत्रणा, मानले. आमचे कृष्णा खोरे विकास महामंडळ १९९६ साली धरणे-कालवे बांधायला स्थापन झाले. बांधणारा आणि वाटणारा एकच, आणि त्यात खोऱ्यातल्या माणसांना जागा नाही. ती जागा आम्हाला हवी आहे: शेतकरी, भूमिहीन, मच्छीमार, महिला, महापालिका आणि ग्रामपंचायती, सर्वांचे मत असलेली भीमा खोरे परिषद. २००५मध्येच आलेला सिंचन व्यवस्थापनाचा कायदा आणि २००९चा भूजल कायदा कागदावर आहेत. ते आवर्तनात आणि बोअरवर उतरले पाहिजेत. शुद्ध न केलेले मैलापाणी नदीत सोडणे थांबलेच पाहिजे. ज्वारी, तूर, करडई घेणाऱ्याला उसाइतकीच खात्रीची खरेदी मिळाली पाहिजे. ती मिळाल्याशिवाय पीक बदला असे सांगणे म्हणजे गरिबाला उपदेश करणे आहे.

आम्ही सरकारच्या होकाराची वाट पाहत थांबणार नाही. परिषद कायद्याने होईल तेव्हा होईल. बैठक आम्ही आजच घेऊ शकतो.

आवाहन

चळवळीचे पहिले खोरे-संमेलन पुण्यात होणार नाही. ते दक्षिण सोलापुरात, हत्तरसंग कुडलला, भीमा-सीनेच्या संगमावर होईल. वरच्या माणसांनी नदीच्या वाटेने खाली यायचे, येताना आपल्या वॉर्डाचा आणि गावाचा पाण्याचा हिशेब लिहून आणायचा, आणि आपण काय सोडणार ते तिथे सर्वांसमोर सांगायचे. ज्यांना हे पटते त्यांनी ग्रामसभेत हा जाहीरनामा वाचावा, सोसायटीच्या बैठकीत मांडावा, दिंडीत बोलावा. भीमा आपल्या सगळ्यांची आहे, तर तिची जबाबदारीही आपण सगळे घेऊ. या, हिशेब घेऊन या.